विण्याआधीचे ६० दिवस: गाय पुढे वेळेवर गाभण राहावी म्हणून काय तयारी करायची?

गोठ्याची_वही

गाय विल्यावर तीन-चार महिने माजावर येत नाही किंवा तीनतीनदा उलटते (रेतन करूनही गाभण राहत नाही), तेव्हा आपण डॉक्टरांना बोलावतो, हार्मोनची इंजेक्शनं देतो, गर्भाशय धुवून घेतो. बहुतेक गाईंच्या बाबतीत चूक त्याच्या कितीतरी आधी, भाकड काळात (विण्याआधी दूध बंद असतं त्या दिवसांत) झालेली असते. म्हणून हा धागा आटवण्यापासून (दूध बंद करण्यापासून) विल्यानंतरच्या तीन आठवड्यांपर्यंतचाच ठेवूया. आकडे ४५०-५०० किलोच्या होल्स्टिन संकरित गाईचे धरलेत. जर्सी संकरित किंवा फुले त्रिवेणी असेल तर वजनाच्या हिशोबाने कमी करा.

सुरुवात तारखांपासून. रेतनाच्या तारखेपासून २२० वा दिवस आटवण्याचा, २५९ वा दिवस शेवटच्या २१ दिवसांचा आहार सुरू करण्याचा, २८० वा दिवस विण्याचा. या तीन तारखा गव्हाणीवरच्या पाटीवर खडूने लिहा. मोबाईलमध्ये नोंद असली तरी पाटी हवीच, कारण वैरण टाकणारा माणूस पाटी बघतो.

तारीख चुकते ती एका ठिकाणी. गाय गाभण असूनही कधी कधी माजासारखी वागते, पुन्हा रेतन होतं आणि वहीत नवी तारीख लागते. म्हणजे वहीतली विण्याची तारीख खऱ्या तारखेच्या साधारण तीन आठवडे पुढे जाते. ती गाय शेवटच्या तीन आठवड्यांचा आहार न खाताच विते. रेतनानंतर ६०-७० दिवसांनी डॉक्टरांकडून तपासणी करून किती दिवसांची गाभण आहे ते लिहून घ्या.

दुसरी गोष्ट अंगावरचं मांस. १ ते ५ च्या मापात आटवताना आणि विताना गाय ३ ते ३.५ मध्ये असावी. बाजूने उभं राहून कमरेचं पुढचं टोकदार हाड, मांडीचा सांधा आणि शेपटीशेजारचं हाड यांच्यामधली रेषा बघा. इंग्रजी व्हीसारखी खोल दिसली तर गाय ३ च्या खाली आहे. यूसारखी गोलसर दिसली तर ३.२५ च्या वर. शेपटीच्या मुळाशी चरबीच्या घड्या दिसायला लागल्या तर ती ४ च्या पुढे गेली, आणि अशा गाईचीच विल्यावर सगळ्यात जास्त काळजी असते.

फिरता_पशुवैद्य

वहीदादा, धागा चांगला काढलात. यामागचं कारण सांगतो, म्हणजे पुढचे आकडे पाठ करावे लागणार नाहीत.

अंडाशयातलं फोलिकल (ज्यात बीज वाढतं ती पुटी) एका माजात तयार होत नाही. ते अगदी लहान अवस्थेतून पूर्ण वाढायला दोन-तीन महिने घेतं. अमेरिकेतले पुनरुत्पादनशास्त्राचे संशोधक जॅक ब्रिट यांनी १९९२ मध्ये मांडलं की विल्यावर ७०-८० व्या दिवशी ज्या बीजावर आपण रेतन करतो, ते विण्याच्या आसपास वाढीला लागलेलं असतं. त्या काळात गाय उपाशी राहिली, अंगावरची चरबी भराभर उतरली, ताप आला, तर त्याचा परिणाम त्या बीजावर होतो. त्यामुळे ८० व्या दिवशी गाय तब्येतीने छान दिसत असूनही उलटते.

दुसरा धागा कॅल्शियमचा. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं. एका लिटर चिकात २ ग्रॅमहून जास्त जातं. पहिल्या धारेला १० लिटर चीक काढला तर रक्तात आहे त्याच्या सात-आठ पट कॅल्शियम एका वेळी बाहेर पडलं. शरीराने ते हाडांतून आणि आतड्यांतून तातडीने भरून काढलं नाही तर स्नायू ढिले पडतात. सगळेच स्नायू: पायांचे, पोटाचे, गर्भाशयाचे आणि सडाचं तोंड मिटणारेसुद्धा. गाय खाली बसली की आपल्याला दुग्धज्वर दिसतो. उभी असलेली, पण रक्तात कॅल्शियम कमी असलेली गाय कोणाच्या लक्षात येत नाही. तिचा जार (वार) अडकतो, गर्भाशय आकसत नाही, आत घाण साचते, कासदाह होतो, आणि तीच गाय पुढे उलटते.

काळी_आई

आटवण्यावर कोणीतरी नीट लिहा. दिवसाला १४-१५ लिटर देणारी गाय एकदम कशी बंद करायची? आमच्याकडे बरेच जण एकाआड एक दिवस पिळत महिनाभर ओढतात.

गोठ्याची_वही

ताई, महिनाभर ओढणं सगळ्यात वाईट. ६० दिवसांतले ३० तिथेच संपतात आणि सडाचं तोंड उघडंच राहतं.

आटवायच्या तारखेआधी ७ ते १० दिवस खुराक (पशुखाद्य, पेंड) निम्म्यावर आणा, शेवटचे ३-४ दिवस पूर्ण बंद. हिरवा चारा आणि मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) काढून फक्त कडबा कुट्टी. पाणी मात्र कधीच तोडू नका. पाणी तोडून दूध कमी करायची जुनी पद्धत आहे, त्यात गाय खंगते. दूध १० लिटरच्या खाली आलं की एक दिवस ठरवून पूर्ण पिळा आणि बंद करा.

त्याआधी चारही सडांची सीएमटी (छुपा कासदाह ओळखणारी) तपासणी करा. शेवटच्या धारेनंतर डॉक्टरांनी सांगितलेली भाकड काळाची ट्यूब प्रत्येक सडात एक. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसताना आधी लांबचे दोन सड, मग जवळचे. ट्यूब सोडताना उलटं: आधी जवळचे, मग लांबचे, म्हणजे पुसलेल्या सडाला आपलं मनगट लागत नाही. नळीचं टोक ३-४ मिलिमीटरच आत घाला. पूर्ण आत खुपसलं तर सडाच्या नळीचं अस्तर ताणलं जातं आणि बाहेरचे जंतूही आत ढकलले जातात. नंतर सड द्रावणात बुडवा आणि गाय अर्धा तास उभी राहील असं बघा, पुढ्यात वैरण टाका.

पुढचे ३-४ दिवस कास टम्म होते. ती बघून माणसाचा जीव राहत नाही आणि तो पुन्हा पिळतो. पिळलं की ट्यूबमधलं औषध वाया आणि दूध पुन्हा सुरू. आठवड्यात कास आपोआप ओसरते. एकच भाग गरम, लाल, दगडासारखा लागला किंवा ताप असला तरच डॉक्टरांना दाखवा.

खुरं साळायची असतील आणि जंताचं औषध द्यायचं असेल तर तेही याच सुमारास उरका. औषध गाभण गाईला चालणारं आहे ना, हे विचारून घ्या.

नदीकाठ_६१

आटवल्यावर खुराक बंद करावा की नाही? जुने लोक सांगतात, शेवटचे दोन महिने खायला घातलं की वासरू पोटात मोठं होतं आणि विताना अडतं.

फिरता_पशुवैद्य

वासराच्या जन्मवजनातला निम्म्याहून जास्त भाग शेवटच्या दोन महिन्यांतच वाढतो, हे खरं आहे. पण गाईला उपाशी ठेवून ती वाढ फारशी रोखली जात नाही, गाय स्वतःचं मांस देऊन वासरू वाढवते. मग विताना कळा द्यायला ताकद नसते आणि चीकही पातळ येतो. वासरू अडतं ते वळू मोठ्या हाडाचा निवडल्याने, कालवड कमी वजनावर भरवल्याने, नाहीतर गाय अति लठ्ठ असल्याने, कारण मायांगाच्या (योनीमार्गाच्या) वाटेत चरबी साठते. पहिलारू (पहिल्यांदा विणाऱ्या) कालवडीला सोपं वेत देणाऱ्या वळूचीच रेतमात्रा मागा.

भाकड काळात गाईला बारीक करायला जाऊ नका. लठ्ठ गाय आटवली असेल तर ती आहे तशीच विऊ द्या. बारीक करायचं ते दूध चालू असताना, शेवटच्या तीन महिन्यांत खुराक सांभाळून.

मुरघास_आणि_मी

आहार असा बसवता येतो. पहिले ४० दिवस पोट भरलं पाहिजे, पण ताकद बेताची: कडबा कुट्टी ६ किलो, मुरघास १० किलो, पशुखाद्य दीड ते दोन किलो, खनिज मिश्रण ५० ग्रॅम. कडबा नसेल तर गव्हाचं काड चालतं, पण कुट्टी बारीक हवी. लांब तुकडे गाय निवडून बाजूला सारते आणि मुरघासच खाते.

शेवटचे २१ दिवस: मुरघास १२ किलो, कडबा कुट्टी ४ किलो, पशुखाद्य ३ किलो, सोयापेंड १ किलो. मुरघासात ३० टक्के कोरडा भाग धरला तर एकूण कोरडा आहार पावणेअकरा किलोच्या आसपास आणि प्रथिनं १३ टक्के बसतात. खुराक एकदम ३ किलोवर नेऊ नका. रोज २००-३०० ग्रॅमने वाढवा, म्हणजे पोटातले जंतू सरावतात आणि विल्यावर खुराक वाढवताना आम्लपित्त होत नाही.

शेवटच्या आठवड्यात गाय स्वतःहूनच कमी खाते, पाव हिश्शापर्यंत घट होते. म्हणून गव्हाणीत सकाळी थोडं उरलेलं दिसायला हवं. गव्हाण चाटूनपुसून साफ असेल तर ती भुकेली राहिली असं समजा. पहिलारू कालवडी मोठ्या गाईंत ठेवल्या तर त्या मागे सरतात आणि त्यांचं खाणं आणखी तुटतं. जागा असेल तर त्यांचा गट वेगळा करा, नसेल तर गव्हाणीवर प्रत्येकीला किमान अडीच फूट मोकळे सोडा.

काळी_आई

खनिज मिश्रण, चुना, सोडा, मीठ हे सगळं भाकड गाईलाही दुभत्या गाईसारखंच द्यायचं का? आणि आमच्याकडे उसाच्या पट्ट्यात वाढेच (उसाचे हिरवे शेंडे) जास्त. वाढ्याला चुन्याची निवळी लावतोच.

फिरता_पशुवैद्य

ताई, सगळ्यात जास्त गोठे इथेच चुकतात, म्हणून सविस्तर लिहितो.

वाढ्यात ऑक्झॅलेट असतं. ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून शेणावाटे बाहेर काढतं. वर्षभर वाढ्यावरच असलेल्या गाईची हाडं आतून पोकळ होत जातात. म्हणून दुभत्या गाईला निवळी देणं बरोबर आहे, आणि वाढे हिरव्या चाऱ्याच्या निम्म्याहून कमी ठेवणं त्याहून बरोबर. शेवटच्या २१ दिवसांत मात्र वाढेही बंद आणि निवळीही बंद.

कारण असं. हाडांतलं कॅल्शियम रक्तात सोडायचा हुकूम पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक देतं. आहारात पोटॅश आणि सोडियम जास्त असलं की रक्त थोडं अल्कलीकडे झुकतं आणि हाडं, मूत्रपिंडं हा हुकूम नीट ऐकत नाहीत. लसूणघास, शेणस्लरी आणि पोटॅश भरपूर घातलेला संकरित नेपियर, खाण्याचा सोडा या सगळ्या गोष्टी रक्त त्याच दिशेला नेतात. म्हणून शेवटचे तीन आठवडे लसूणघास नाही, कोवळा नेपियर नाही, सोडा अजिबात नाही. मीठही जादा घालू नका, कासेला सूज येते. मक्याचा मुरघास आणि कडबा यांत पोटॅश कमी असतं, म्हणून वर मुरघासदादांनी दिलेला आहार बसतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे अॅनायोनिक क्षार: अमोनियम क्लोराईड, मॅग्नेशियम सल्फेट वगैरेंचं तयार मिश्रण. ते रक्त हलकं आम्लाकडे नेतं. दोन-तीन वेत झालेल्या, २० लिटरच्या पुढच्या गाईंना त्याचा चांगला फायदा होतो. पहिलारूंना देऊ नका. त्यांना दुग्धज्वर सहसा होत नाही, आणि कडू चवीने खाणं मात्र तुटतं.

नदीकाठ_६१

अॅनायोनिक क्षार दिले आणि गाईने खुराकच सोडला, असं बऱ्याच ठिकाणी ऐकतो. काम करतायत की नाही हे कसं कळायचं?

गोठ्याची_वही

कडू चव मोडायची तर क्षार खुराकात न टाकता मुरघास आणि कुट्टीत पूर्ण कालवा, वर किलोमागे थोडं मळीचं पाणी शिंपडा. पहिले तीन दिवस निम्मी मात्रा, मग पाकिटावरची पूर्ण. खाणं अर्ध्यावर आलं तर क्षार थांबवा. न खाणारी गाय हे क्षारांच्या फायद्यापेक्षा मोठं नुकसान आहे.

काम होतंय का हे लघवी सांगते. पीएच पट्टी आणा, ५ ते ९ पर्यंत मोजणारी, अर्ध्या अर्ध्या अंकाचे रंग दाखवणारी. १ ते १४ वाली ढोबळ पट्टी उपयोगाची नाही. वैरण टाकल्यानंतर दोन-तीन तासांनी गाईच्या मागे उभं राहा, शेपटी बाजूला धरा आणि योनीच्या खालची कातडी बोटांनी वर-खाली हलकी चोळा. मिनिटभरात गाय लघवी करते. पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ वाटीत धरा. पट्टी बुडवून लगेच काढा आणि सावलीत रंग जुळवा.

क्षार न खाणाऱ्या गाईचा आकडा ८ च्या आसपास येतो. क्षार सुरू केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी होल्स्टिन संकरितमध्ये ६ ते ६.८ यायला हवा. ७ च्या वर असेल तर चाऱ्यात पोटॅश जास्त आहे किंवा गाय क्षार नीट खात नाही. ५.५ च्या खाली गेला तर मात्रा कमी करा. एका गाईवर निष्कर्ष काढू नका, ४-५ गाई असतील तर सगळ्यांची सरासरी बघा. गाय व्याली की क्षार त्याच दिवशी बंद.

फिरता_पशुवैद्य

यात एक जोड. क्षार चालू असताना चुना किंवा सोडा कोणी 'सवयीने' टाकत नाही ना, ते बघा. सगळ्या गोठ्याचा खुराक एकाच हौदात कालवला जात असेल तर भाकड गाईंना दुभत्यांचा सोडा नकळत जातो.

आणि जीवनसत्त्व ई व सेलेनियम. जार वेळेवर पडायला पांढऱ्या पेशींनी वारेचे सांधे सोडवावे लागतात, आणि त्या पेशींना हे दोन्ही लागतात. वाळलेल्या चाऱ्यात ई जवळपास नसतं. शेवटच्या तीन आठवड्यांत ई रोज १००० ते २००० युनिट मिळावं. सेलेनियम दिवसाला ३ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं आणि जास्त झालं तर विषारी असतं. त्यामुळे खनिज मिश्रणात आहे का ते आधी वाचा, मगच इंजेक्शनाचं डॉक्टरांशी बोला. दोन्हीकडून देऊ नका.

मुरघास_आणि_मी

बायपास फॅटवर (पहिल्या पोटात न विरघळणारी, खुराकातून द्यायची चरबी) कोणी लिहिलं नाही. विण्याआधी द्यायचा का?

फिरता_पशुवैद्य

नको. आधीच कमी खाणारी गाय चरबीने आणखी कमी खाते. विल्यावर १०-१५ दिवसांनी, खाणं उठल्यावर १०० ग्रॅमपासून सुरू करून २०० ग्रॅमपर्यंत न्या.

काळी_आई

एप्रिल-मेमध्ये विणाऱ्या गाईंचं काय? भाकड गाय दूध देत नाही म्हणून तिला उन्हातल्या कोपऱ्यात बांधतात.

गोठ्याची_वही

तिलाच सावलीची गरज जास्त. भाकड काळातल्या उष्णतेने गाय काही दिवस आधी विते, वासरू हलकं होतं आणि पुढच्या वेतात दूध कमी येतं. सोलापूर, नगर, मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत पंखा आणि फवारा एकत्र चालतो: दीड-दोन मिनिटं पाणी, मग १०-१५ मिनिटं नुसता पंखा, म्हणजे कातडीवरचं पाणी उडताना गाय थंड होते. कोकणात दमट हवेत बारीक धुकं सोडणाऱ्या नोझलने गोठा आणखी घुसमटतो. तिथे मोठा थेंब आणि जोराचा वारा हवा. पाणी सावलीत ठेवा, भाकड गाईलाही दिवसाला ६०-८० लिटर लागतं.

मुक्तसंचार गोठ्यात विणाऱ्या गाईसाठी १२ बाय १२ फुटांचा कोपरा वेगळा ठेवा. कोरडं पाचट किंवा भुसा, एक वेत झालं की सगळं काढून चुना मारून नवीन. गाय तिथे आठवडाभर आधी न्या. कळा सुरू झाल्यावर हलवलं तर कळा थांबतात. जमिनीचा उतार मागे फार असेल तर मायांग बाहेर यायची भीती असते.

नदीकाठ_६१

विल्यावर जार किती वेळ वाट बघायची? लोक दगड बांधतात, चप्पल बांधतात.

फिरता_पशुवैद्य

काहीही बांधू नका. वजनाने जार मध्येच तुटतो, उरलेला आत सडतो. कधी गर्भाशयच उलटून बाहेर येतं. हात घालून ओढूनही काढू नका, त्याने गर्भाशयाचं अस्तर फाटतं आणि पुढची गाभण जाते. १२ तासांत पडला नाही तर डॉक्टरांना कळवा. लोंबणारा भाग खुराच्या वर कापून ठेवा, आणि पहिले १० दिवस रोज सकाळी गुदद्वारात थर्मामीटर लावा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०३ च्या वर, किंवा पाण्यासारखा लालसर-तपकिरी, कुजका वास येणारा स्राव दिसला तर त्याच दिवशी उपचार. तांबूस, घट्ट, वास नसलेला स्राव १५ दिवस येतो, तो नैसर्गिक आहे. त्यासाठी सरसकट प्रत्येक गाईच्या गर्भाशयात गोळ्या घालू नका.

गाय व्याली की लगेच २०-३० लिटर कोमट पाणी पाजा. कान थंड, नाक कोरडं, मान बाजूला वळवून बसली तर शिरेतून कॅल्शियम लागतं, आणि ते डॉक्टरांनीच हळू सोडायचं. जोरात सोडलं तर हृदय बंद पडतं. बसलेल्या, गिळता न येणाऱ्या गाईला तोंडाने औषध पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

मुरघास_आणि_मी

किटोसिससाठी (अंगावरची चरबी भराभर उतरून होणारा आजार) लघवीची रोथेरा तपासणी विल्यावर ५ व्या ते २१ व्या दिवसात दोनदा करा. जांभळं कडं आलं तर प्रॉपिलीन ग्लायकॉल ३०० मिली रोज एकदा, ३ ते ५ दिवस. गुळाची साखर बहुतेक पोटातले जंतूच खातात, गाईच्या रक्तातली साखर त्याने फारशी उठत नाही.

काळी_आई

एक शेवटचं. म्हशीला हेच चालेल?

फिरता_पशुवैद्य

तत्त्व तेच, तारखा वेगळ्या. म्हैस ३१० दिवसांनी विते, म्हणजे २५० व्या दिवशी आटवायची आणि २८९ व्या दिवशी शेवटचा आहार सुरू. म्हशीत विण्याआधीच मायांग बाहेर येण्याचा त्रास जास्त असतो, म्हणून शेवटच्या महिन्यात तिला पुढचे पाय उताराच्या खालच्या बाजूला आणि मागचे उंचावर येतील अशी बांधा, आणि पोट एका वेळी गच्च भरण्यापेक्षा वैरण दिवसात चार वेळा टाका.